आमच्या घरात एकदाच विचारायचे

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मुदतीचा ताप आला तेव्हा लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं. मी पंधरा वर्षांची असेन, लग्नाला दीड वर्ष झालेलं. लढाईची वर्षं होती ती, साखर आणि रॉकेल माप लावून मिळायचं. आमचं गाव खालापुराकडचं, साजगावच्या अलीकडे, पंचवीसेक घरांचं. घरात माणसं मोजकीच. आत्याबाई म्हणजे माझी सासू, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची अडीच वर्षांची मुलगी आणि मी. आमचे मालक ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेच्या गँगवर कामाला होते, एरवी पंधरवड्यातून एकदा घरी यायचे, पण त्या महिन्यात त्यांना रजा मिळाली नाही. सासरे मी लग्न होऊन यायच्या आदल्या वर्षीच वारलेले.

जाऊबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. माझं माहेर नेरळच्या पलीकडचं, त्यामुळं या घरच्या रीती मला काही ठाऊक नव्हत्या. त्या सगळ्या जाऊबाईंनी शिकवल्या, आणि शिकवताना हसवलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हे बघ, आत्याबायला सकाळी आधी चा द्यायचा, मंग बोलायचं. आधी बोललीस तर दिवस गेला तुझा." आत्याबाई तोंडानं फार तिखट. गोड शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. "अगं ए" नाही तर "काय गं म्हशी", याशिवाय आम्हा दोघींना हाक नाही. जाऊबाई म्हणायच्या, "म्हशी म्हणतात तवर समज सगळं बरं हाय."

तर ताप. पहिले चार दिवस वाटलं, पाऊस सरतीला येतो तसा ताप आहे. काढा दिला, घाम आला, पण ताप हटेना. मग दिरांनी बैलगाडी जुंपली आणि कर्जतहून डॉक्टर आणले. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि ओटीवर येऊन म्हणाले, "टायफॉईड आहे. मुदतीचा ताप. एकवीस दिवस धरून चाला." वेगळी खोली, वेगळी भांडी, कपडे उकळायचे, पाणी उकळून प्यायचं, लेकराला घरात ठेवायचं नाही. आणि खाण्याचं दोनदा बजावून सांगितलं. पेजेचं पाणी, ताकाची निवळ, मिळालं तर मोसंबं. "घट्ट काही म्हणजे काही नाही. आतड्याला आतून जखमा झालेल्या असतात. भाकरीचा एक तुकडा जीव घेईल. पुढं भूक लागेल, पेशंट मागेल, तरी द्यायचं नाही."

मुलीला त्याच दिवशी जाऊबाईंच्या माहेरी पोचवलं. आत्याबाई आणि दीर शेतावर, म्हणून जाऊबाईंपाशी मी. खरं सांगते, मला फार भीती वाटायची. त्यांची कूस बदलताना मी श्वास धरून ठेवायची. बाहेर आले की राखेनं कोपरापर्यंत हात घासायची, कातडी सोलली होती माझी. शेजारच्या बायका यायच्या बंद झाल्या. आमच्या विहिरीवरची गर्दी तुटली. ज्यांच्या बाळंतपणाला जाऊबाई रात्रंदिवस राबल्या, त्या बायासुद्धा लांबून विचारायच्या, "कसं हाय गं?" आणि उत्तर ऐकायच्या आत घागर उचलायच्या. मी तरी कुणाला काय म्हणू, मीसुद्धा श्वास धरूनच जात होते ना.

भूक मेली म्हणजे काय असतं ते मी तेव्हा बघितलं. शेतात राबणारी बाई ती, तीन भाकऱ्या सहज खाणारी. आता नुसता फोडणीचा वास गेला तरी उलटी काढायची. मग घरात फोडणी बंदच केली. आम्ही सगळ्यांनी उकडलेलं, मीठ टाकलेलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तेलाचं बुधलं आत्याबाईंनी स्वतःच वर फळीवर सरकवून ठेवलेलं. जाऊबाईंची जीभ पांढरी, कडा लाल, ओठांना पापुद्रे. म्हणायच्या, "तोंडात चिखल भरल्यावानी वाटतंय गं."

पेज पाजायची म्हणजे माझी परीक्षा. वाटी पुढं केली की त्या तोंड फिरवायच्या.

"तुझी पेज म्हंजे बैलाचं आंबोण हाय."

"घ्या ना, एक चमचा."

"एका चमच्याला एक चुगली सांग. मंग घेते."

अशी आमची बोली ठरली. चमच्याला एक चुगली. मग मी आत्याबाईंच्या सांगायची, विहिरीवरच्या बायांच्या सांगायची, सरता-सरता काही उरेना तेव्हा रचून सांगायची. आत्याबाई शेतावरून येताना बांधावर घसरल्या आणि बसल्या जागेवरून बैलाला शिव्या दिल्या, बैल होता गोठ्यात, ही मी रचलेली. जाऊबाईंना हसू आलं आणि पेज नाकात गेली. एका वेळी सात-आठ चमचे जायचे. डॉक्टर दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "छान. असंच चालू द्या."

पण हसणाऱ्या जाऊबाई एक, आणि डोळे मिटून पडलेल्या दुसऱ्या. दुसऱ्या आठवड्यात त्या माणसांची तोंडं वाचायला लागल्या. दीर दारात उभे राहून गेले की विचारायच्या, "ह्ये काम टाकून का आले?" दार लावू द्यायच्या नाहीत. एकदा दुपारी माझा हात घट्ट धरला. हात असा तापलेला, तव्यावरून काढल्यासारखा.

"मी मरन का गं?"

"काय बोलता जाऊबाय! एकवीस दिवसांचा ताप हाय, उतरंल."

"मला लई भ्या वाटतंय. पोरगी अजून दूध मागती."

मी पेजेची वाटी शोधत बसले. 

आता एक रीत सांगते. मला ती तेव्हा माहीत नव्हती, पण तुम्हाला आधी कळलेली बरी. या घरात माणूस जायला टेकला की घरातली वडील बाई त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "काय खावंसं वाटतंय?" माणूस जे सांगेल ते करून भरवायचं. पथ्य नाही, डॉक्टर नाही, काही आडवं आणायचं नाही. इच्छा ठेवून माणूस जाऊ नये म्हणून. आणि हे आयुष्यात एकदाच विचारायचं. म्हणून धडधाकट माणसाला हा प्रश्न या घरात कुणी कधी करत नसे. "बसा", "वाढलंय", "गिळा" म्हणायचे, पण काय खाशील म्हणून नाही. दीड वर्षात माझ्या हे ध्यानातसुद्धा आलं नाही. सुनांना ही रीत सांगत नसत. सांगणंच अशुभ. पहिलं मरण घरात झालं की सून आपोआप शिकायची. मी आल्यापासून मरण झालं नव्हतं.

जाऊबाईंनी एवढं मात्र मला सांगितलं होतं की सासऱ्यांनी शेवटच्या दिवशी वालाचं बिरडं मागितलं आणि ते त्यांनी केलं. "दोन घास खाल्ले न म्हनाले, सूनबाय, नारळ कमी पडला." हे सांगताना त्या हसल्या होत्या आणि डोळे पुसले होते. कुणी विचारलं म्हणून मागितलं, ते त्या बोलल्या नाहीत. आणि माझ्या माहेरी कसं होतं? माझ्या माहेरी आजारी माणूस उठायला लागलं की आई उशाशी बसून हेच विचारायची. पथ्य सुटलं की पहिलं काय करू ते सांग, म्हणायची. मला गोवर आला होता तेव्हा मी आठ दिवस रोज नवं नवं सांगायची.

सोळाव्या दिवशी डॉक्टर तिसऱ्यांदा आले. पारा बघितला आणि ओटीवर येऊन म्हणाले, "उतरणीला लागलाय. आता सगळं अंगातल्या ताकदीवर आहे. पातळ पोटात जात राहिलं पाहिजे, थोडं थोडं, दर दोन तासांनी. तेवढं सांभाळा." आत्याबाई देव्हाऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मला तर आनंदानं काय करू असं झालं. ओलं फडकं घेऊन आत गेले, जाऊबाईंचं तोंड पुसलं आणि माझ्या आईनं विचारलं असतं तसं विचारलं.

"जाऊबाय, काय खावंसं वाटतंय तुमाला? सांगा, मी करते."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटलं, विचार करतायत.

"तुला कुनी सांगितलं इचारायला?"

आणि इथं मी खोटं बोलले. जाऊबाईंना नेहमी वाटायचं की आत्याबाईंना आपली कदर नाही. मला वाटलं, आज यांना बरं वाटू दे. सासूला आपली काळजी आहे हे ऐकून माणूस खुलेल.

म्हणाले, "आत्याबायनी सांगितलं."

"त्या का नाय आल्या?"

"डाक्तरासंगं बोलतायत."

"डाक्तर काय म्हनाला?"

"चांगलं म्हनाला. लई चांगलं म्हनाला."

मी हसत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भिंतीकडं कूस केली. कूस स्वतः केली, इतके दिवस मला करावी लागायची.

"मला काय नको."

त्या संध्याकाळी पेज घेतली नाही. चुगली सांगितली, नाही. दोन सांगितल्या, तीन सांगितल्या. दात मिटून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताकाची निवळ ओठाला लावली तर ती गालावरून उशीवर गेली. दुपारी म्हणाल्या, "पोरीला एकदा आना." मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणालेत, बऱ्या झाल्यावर आणू. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच.

तेव्हा मी घाबरले आणि खळ्यावर जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या पेंढ्या रचत होत्या.

"जाऊबाय कालधरनं पेज घेत नायत."

"का? ताप चढला?"

"नाय. मी इचारलं काय खावंसं वाटतंय, तवापासनं."

आत्याबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली. "काय इचारलंस?"

मी परत सांगितलं. तुमचं नाव घेतलं तेही सांगितलं. मला वाटलं आता मार बसेल. त्यांनी मला खळ्यातच खाली बसवलं. मग हळू आवाजात त्यांनी मला ती रीत सांगितली. शिव्या दिल्या नाहीत, हात उगारला नाही. मला मार चालला असता.

आम्ही दोघी धावत घरी आलो. आत्याबाई उंबऱ्यावर थांबल्या नाहीत, मुद्दाम सरळ आत खाटेपाशी गेल्या आणि मोठ्यानं बोलायला लागल्या.

"काय गं म्हशी, पडून ऱ्हायलीस? भात कोन कापनार? ऊठ, पेज घे. ही येडी काय बी इचारती, मी नाय सांगितलं तिला."

एवढं नीट बोलल्या. पण तेवढ्यात त्यांची नजर जाऊबाईंच्या गळ्याकडं गेली. हाडं दिसत होती, काळी पोत त्या हाडांवर सैल पडलेली. दोन दिवस त्या खोलीत आल्या नव्हत्या, शेतावरच होत्या. त्या खाली बसल्या आणि जाऊबाईंच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "घे गं माज्या बाय. दोन घोट घे."

आत्याबाई बाहेर गेल्यावर जाऊबाईंनी मला जवळ बोलावलं. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, अंगात पाणीच नव्हतं.

"बघितलंस? आत्याबाय मला बाय म्हनाल्या."

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, मी खोटं बोलले, देवाची शपथ, मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आमच्या माहेरी असंच विचारतात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात आता गार होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा ताप खरंच उतरत होता.

"तू ल्हान हायस. तुला असंच बोलायला सांगितलं असंल त्यांनी."

मी काय करू सांगा. खरं बोलले तर ते त्यांना खोटं वाटलं.

पुढचे दोन दिवस आम्ही बोटानं ओठ ओले करत राहिलो. दीर परत कर्जतला गेले. डॉक्टरांनी बाटलीभर औषध दिलं आणि निरोप दिला, काहीही करा, पातळ पोटात घाला. ताप नव्वद टक्के गेला आहे, बाई उपाशी राहून खचेल. दिरांनी हे दारातून मोठ्यानं वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. जाऊबाईंनी ऐकलं की नाही देव जाणे.

विसाव्या दिवशी सकाळी मी केर काढत होते, तर खाटेवरून आवाज आला.

"सुकट."

मी झाडू टाकून गेले. "काय म्हनालात?"

"तांदळाची भाकर न भाजलेली सुकट. वरनं कच्चा कांदा." डोळे उघडे होते, नीट माझ्याकडं बघत होते. "आत्याबायला सांग. त्यांनी इचारलं हुतं ना."

ज्या बाईला फोडणीच्या वासानं उलटी व्हायची ती सुकट मागत होती. आज इतक्या वर्षांनी मी याचा विचार करते. ती भूक होती का? डॉक्टर म्हणाले होते, भूक लागेल, मागेल. ताप उतरल्यावर आतून भडकून लागते ती खरी भूक होती, म्हणजे जीव परत येत होता? की त्यांनी घरची रीत पुरी केली, विचारलंय तर सांगून टाकू, म्हणून? त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं.

मी चुलीपुढं आत्याबाईंना सांगितलं. सुकट घरात होती. साजगावच्या जत्रेला आम्ही वर्षाची सुकी मासळी भरायचो. जत्रा अजून महिनाभर लांब होती, तरी आढ्याला टांगलेल्या मडक्यात तळाशी दोन मुठी शिल्लक होती. आत्याबाई त्या मडक्याकडं बघत उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या! द्यावं तर डॉक्टरांनी सांगितलेलं, तुकडा जीव घेईल. आणि दिलं म्हणजे जाऊबाईंना पक्कं कळणार की आपलं संपलं. नाही द्यावं, तर या घरात मागितलेलं शेवटचं कुणाला नाकारलं नव्हतं आजवर. सासऱ्यांना नाही, त्यांच्या आईला नाही.

मग त्यांनी पदर खोचला आणि चुलीपुढूनच, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या.

"सुकट नाय मिळायची! डाक्तरानं पातळच सांगितलंय. मोठी आली सुकट खानारी! गप पेज पी, म्हशी!"

मी आत बघितलं. जाऊबाईंच्या कपाळावर आठी पडली. पहिल्यांदा मला वाटलं रडतील. मग ती आठी हळूहळू सुटली. त्यांना काय वाटलं ते मी सांगते, मला त्यांनीच सांगितलं. पुटपुटत म्हणाल्या, "मरनाऱ्याला नाय म्हनत नसतात गं आमच्यात."

आणि तोंड उघडलं. मी पेज आणली. नऊ चमचे घेतले. मी मोजले. दोन तासांनी परत सहा. आत्याबाई अंगणात बसून पदर तोंडात धरून रडल्या, आवाज आत जाऊ नये म्हणून. दीर दोन-दोनदा येऊन वाटीत बघून गेले. त्या दिवशी आम्ही तिघंही पोटभर जेवलो, मीठ टाकलेलं उकडलेलंच, पण गोड लागलं.

एकविसाव्या दिवशीही पेज घेतली. मला म्हणाल्या, "पथ्य सुटल्यावर करशील ना सुकट?" मी म्हटलं, करीन, जत्रेची नवी आणू. "नवी नको. मडक्यातलीच कर. जुनी चांगली लागती."

बाविसाव्या दिवशी दुपारी त्यांच्या पोटात एकाएकी कळ उठली. पोट लाकडासारखं झालं. डॉक्टर दिवस मावळायच्या आत आले, आणि हात लावल्याबरोबर त्यांनी आमच्याकडं बघून विचारलं, "काय दिलंत खायला?"

आत्याबाई म्हणाल्या, "पेजेबिगर काय नाय दिलं. देवाशपथ. मागत हुती, तरी नाय दिलं."

 डॉक्टर म्हणाले, न देताही होतं कधी कधी. आतडं आधीच पातळ झालेलं असतं. तुमचा दोष नाही. त्यात ते चार दिवसांचे उपास... आणि पुढं बोलले नाहीत. त्यांनी बोलायला पाहिजे होतं, किंवा ते चार दिवस काढायलाच नको होते. ते चार दिवस माझे होते.

दिवे लागायच्या सुमाराला जाऊबाई गेल्या. शेवटी त्या भ्यायल्या होत्या का, ते विचाराल तर हो, भ्यायल्या होत्या. माणूस शांतपणे गेलं असं सांगायची पद्धत आहे, मी सांगणार नाही. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि दाराकडं बघत होत्या. आणि दारात आत्याबाई उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर. उंबऱ्यावर बसावं की बसू नये, विचारावं की विचारू नये, हे त्यांना ठरवता येईना. त्या तशाच चौकट धरून उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात सगळं झालं.

दिवस झाले. मुलगी परत आली, माझ्याजवळ झोपायला लागली. राहिलेलं भात तसंच शेतात उभं होतं, लोंब्या गळायला लागल्या होत्या. चौदाव्या दिवशी आत्याबाई आणि मी विळे घेऊन निघालो. बांधावर त्या थांबल्या. माझ्याकडं न बघता, समोर बघत म्हणाल्या, "मी नाय म्हनले ते बरोबर केलं का गं?"

त्यांनी मला आजवर कधी काही विचारलं नव्हतं. नुसतं सांगायच्या. मला हो म्हणायचं होतं. हो म्हणणं सोपं होतं, त्यांना बरं वाटलं असतं. पण कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि "नाही" असंही मला म्हणता येत नव्हतं. कारण खरं काय ते मला माहीत नव्हतं.

 त्यांनी परत विचारलं नाही. त्या शेतात उतरल्या, वाकल्या, पहिली मूठ कापली. मी त्यांच्या शेजारची ओळ धरली.